सोमवारचं काम

फोन आला तेव्हा गिऱ्हाइकाच्या एकाच गालावरचा साबण उतरला होता. दवाखान्यातल्या बाईंनी दोन वाक्यांत सांगितलं. त्याने "बरं" म्हटलं, फोन खिशात टाकला आणि वस्तरा पुन्हा हातात घेतला.

"काय रे, काय झालं?" खुर्चीतल्या म्हाताऱ्या मास्तरांनी आरशातून विचारलं.

"बायको गेली माझी."

"अरे, मग जा ना! मी पुसून घेतो तोंड."

"अर्ध्यावर कसं सोडू, मास्तर? मान वर करा."

दुसरा गाल झाला, हनुवटी झाली. मास्तरांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. ते त्याने साबणाबरोबरच टिपलं. मग वस्तरा धुतला, नवं पातं घातलं, ब्रश आणि साबणाची वाटी लहान पेटीत ठेवली आणि दुकानाचं शटर ओढलं.

दवाखान्यात तिला वॉर्डातून कोपऱ्यातल्या खोलीत हलवलं होतं. दाराशी धाकटी मेहुणी उभी होती, पायाशी गरम पाण्याची बादली, हातावर धुतलेले कपडे.

"आलात? तुम्ही बाहेर बसा, भाऊजी. आम्ही बायका अंघोळ घालतो तिला." मग तिचं लक्ष पेटीकडे गेलं. "हे काय? दुकान घेऊन आलात?"

"दहा मिनिटं दे मला. एकट्याला."

"आता एकटे काय करणार आहात?"

"तिने सांगितलेलं एक काम आहे."

मेहुणीने पेटीकडे बघितलं, त्याच्याकडे बघितलं. मग बादलीतलं मगभर पाणी काढून त्याच्या हातात दिलं. "बाकीचं गार व्हायच्या आत या."

त्याने आतून कडी लावली. स्टूल ओढलं. तिच्या झग्याची डाव्या बाजूची बटणं काढली.

डावी छाती डॉक्टरांनी सहा वर्षांपूर्वी काढली होती आणि तिच्याच ओटीपोटावरची कातडी आणि मांस घेऊन नवी बसवली होती. बसवली झकास. पण चार महिन्यांनी त्या नव्या छातीवर केस उगवले. काळे, राठ. ती कितीतरी दिवस त्याच्याकडे पाठ करून कपडे बदलत राहिली. मग एका सोमवारी, दुकानाला सुट्टी असते त्या दिवशी, खिडकीपाशी स्टूल ठेवून त्याच्यासमोर बसली.

"हसायचं नाही," ती म्हणाली.

तो हसला नाही. नीट बघून म्हणाला, "कातडी पोटाची आहे. पोटावर करायची तेच इथे करतेय."

"म्हणजे सासरी आली तरी माहेरची सवय सोडत नाही मेली!"

मग मात्र दोघं इतकी हसली की शेजारणीने भिंत ठोकली.

तेव्हापासून सोमवार सकाळ त्या कामाची. आधी चहा की नंतर, यावर दर वेळी वाद. त्या जागी तिला स्पर्श कळत नसे. "कापलंत तरी मी ओरडायची नाही," ती म्हणायची. "तुम्हीच जपा." तो दोन बोटांनी कातडी ताणून धरायचा आणि दुकानात दोन मिनिटांत होणाऱ्या कामाला अर्धा तास लावायचा. तेवढ्यात आठवड्याच्या बातम्या व्हायच्या. कुणाचं जमलं, कुणाचं फिसकटलं, धाकटीने सासूला काय ऐकवलं. शेवटी तो पुसून "झालं" म्हणायचा आणि ती स्वतःचं बोट फिरवून बघायची.

"हा बघा. एक राहिला. तीस वर्षं काय गवत कापलंत का?"

आणि खरंच एक राहिलेला असायचा. त्याने कितीही शोधलं तरी त्याला तो सापडत नसे. तिला सापडायचा.

दुखणं उलटलं. शेवटचे तीन आठवडे ती इथेच होती, आठ खाटांच्या वॉर्डात. मागच्या सोमवारी तिने त्याला खाली वाकायला लावलं आणि कानात म्हणाली, "घरी आले तर घरी करू. नाही आले, तर बायकांच्या आधी तुम्ही करा. धाकटीला अजिबात दिसता कामा नये. जन्मभर चिडवेल."

त्याने फेस केला. तीन आठवड्यांचे केस होते. दोन बोटांनी कातडी ताणली आणि वस्तरा चालवला. घाई केली नाही. कुठे कापलं तर ती सांगणार नव्हती, पण ते काही आजचं नव्हतं. आज चहा झाला नव्हता, हे मात्र त्याला आठवलं.

ओल्या फडक्याने पुसलं. बोट फिरवलं, एकदा सरळ, एकदा उलटं. पडदा बाजूला करून उजेडात बघितलं. काही दिसलं नाही.

दारावर टकटक झाली. "भाऊजी, पाणी गार होतंय. झालं का?"

त्याने तिचा उजवा हात उचलला, तिचं बोट आपल्या बोटांत धरलं आणि हळूहळू सगळीकडून फिरवलं. वरून, खालून, काखेच्या बाजूने. बोट कुठेच थांबलं नाही.

त्याने हात खाली ठेवला, झग्याची बटणं लावली, वस्तरा मिटला.

"झालं," तो दाराकडे बघून म्हणाला.

एक राहिला असणार. दर वेळी राहायचाच.