प्रागचा प्रेक्षक

इथे कॅनडात, आमच्या बाल्कनीतून विनिपेगचं आइस हॉकीचं स्टेडियम दिसतं. गोल झाला की तिथला भोंगा थेट स्वयंपाकघरात ऐकू येतो, पण मॅच काही घरी दिसत नाही. आम्ही वर्गणी भरतो त्या ॲपवर आमच्याच संघाचे सामने फक्त आमच्याच भागात बंद असतात, बाकी सगळ्या जगाला दिसतात. स्टेडियमची तिकिटं तर सीझन सुरू व्हायच्या आधीच संपतात.

शेवटी माझ्या नवऱ्याने, वेंडेलने, भाचीकडून युक्ती शिकून घेतली आणि ॲपला खोटंच सांगितलं की आम्ही प्रागला राहतो. त्या दिवसापासून मॅच दिसायला लागली. जाहिराती तेवढ्या चेक भाषेत.

"लोर्ना, यंदा एकही मॅच चुकली नाही बघ माझी," परवा तो बटाट्याचं सारण भरलेल्या उकडलेल्या पेरोगी खाता खाता म्हणाला.

"खिडकीत भोंगा आधी वाजतो आणि तुझ्या ॲपवर गोल नंतर होतो. त्यात काय बघायचं ते तूच जाणे."

काल त्याला ईमेल आली. वाचून त्याने फोन माझ्यापुढे सरकवला, म्हणून मी चष्मा लावून मोठ्याने वाचली.

"अभिनंदन. यंदा एकही सामना न चुकवणारे, परदेशातले आमचे सर्वांत निष्ठावान प्रेक्षक तुम्ही आहात. बक्षीस म्हणून सीझनचा शेवटचा सामना विनिपेगच्या स्टेडियममध्ये पहिल्या रांगेत बसून पाहा.



विमान शुक्रवारी सकाळी प्रागहून सुटेल. सामन्याचा पास विमानात बसल्यावरच हातात मिळेल."