दसऱ्याचा विंच

"चला, बाजूला व्हा सगळे," म्हणत सर्जेरावांनी जीप चिखलाच्या काठावर आणून उभी केली आणि इंजिन बंद केलं. बंद करायचं तसं काही कारण नव्हतं. पण जीपच्या नाकावर बसवलेल्या, रुतलेली गाडी दोरानं ओढून काढणाऱ्या विंचचा आवाज लोकांना नीट ऐकू यायला हवा होता.

समोर पंधरा-वीस हातांवर व्हॅन रुतली होती. ड्रेनेजसाठी खोदताना पाण्याची लाइन फुटली आणि खराडीतल्या त्या गल्लीचा सकाळीच राडा झाला. व्हॅनमध्ये मथुराबाई होत्या, सर्जेरावांच्या भावकीतल्या थोरल्या काकी. आठवड्यातून दोनदा त्यांना डायलिसिसला न्यावं लागे. आज दहाची वेळ होती. ती चुकली तर मशीन दुसऱ्याला जाणार, आणि पाय तर कालपासूनच सुजून टम्म झालेले.

त्यांच्या नातीनं, श्यामलानं, मघाशी एक रिक्षा थांबवलीही होती. पण काकींनीच खिडकीतून हात हलवला. "कशाला गं? सर्जाच्या गाडीला रहाट हाय की." आणि सर्जेरावांनी रिक्षावाल्याला वाटेला लावलं.

"पाच मिनिटांत काढतो, काकी. हा हत्तीला ओढतो."

चार वर्षं ते हेच सांगत आले होते. हत्ती काही अजून आला नव्हता.

त्यांनी कोरे हातमोजे चढवले, विंचवरचा परवाच्या दसऱ्याचा झेंडूचा हार काढून बॉनेटवर ठेवला आणि तारेचा दोर मोकळा करायचा खटका ओढला. खटका हलेना. दगडानं ठोकल्यावर हलला. मग हूक धरून त्यांनी दोर ओढला. तो दोन हात आला आणि अडकला.

सर्जेराव वाकले. दोर गुंडाळायच्या रुळावर तारेचे वेढे राहिलेच नव्हते. हळद, कुंकू, धूळ आणि गंज यांचा एकच गोळा झाला होता. दर दसऱ्याला याच हुकावर त्यांनी आपल्या हातानं नारळ फोडला होता आणि पाणी आत सोडलं होतं. पुजताना एकदाही हात आखडला नव्हता. दोर मात्र एकदाही उलगडला नव्हता. रंगाला ओरखडे पडले असते.

नाना पेठेतला दुकानदार त्यांना आत्ता, या क्षणी आठवला. "गाडीच्या वजनाच्या दीडपट ओढणारा पुरे," तो म्हणाला होता. "महिन्यातून एकदा दोर पुरता सोडा, पुसा, तेलाचा हात द्या, ताण ठेवून परत गुंडाळा. आणि चालवताना इंजिन चालू ठेवा." यांनी दुकानातला सगळ्यात मोठा दाखवायला सांगितला. त्यानं चष्म्यावरून पाहिलं. "ओढायचंय की मिरवायचंय? मिरवायचं असेल तर मोठाच घ्या." सर्जेरावांनी मोठाच घेतला.

त्यांनी रिमोट दाबला. विंच कण्हला. दोर वीतभर सरकला आणि त्यातली एक तार तटकन तुटून वर उभी राहिली.

"काका, स्टॉप! प्लीज!" श्यामला ओरडली. "दोर तुटतोय. कुणाला तरी लागेल."

त्यांनी पुन्हा दाबला. निघेल या आशेनं नव्हे. इतक्या माणसांसमोर नुसतं उभं राहायचं कसं, म्हणून. करपल्याचा वास आला. कण्हणं बारीक होत गेलं आणि थांबलं.

"राहू द्या ते. आजीला जीपमधूनच नेऊ या," श्यामला म्हणाली.

सर्जेरावांनी किल्ली फिरवली. टक. पुन्हा फिरवली. टक. बंद इंजिनावर विंचनं बॅटरी संपवली होती. पुढे चिखल, मागे चढ. धक्का मारायलाही सोय नव्हती.

समोरच्या सोसायटीच्या गॅलरीत एक आजोबा चहाचा कप घेऊन केव्हापासून उभे होते. "अहो, हत्ती राहू द्या," ते वरून म्हणाले. "नुसत्या आजी काढा."

हसले सगळेच. सर्जेरावांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

श्यामला मोठ्या रस्त्याकडे पळाली. दुसरी रिक्षा मिळेपर्यंत पावणेदहा झाले. वॉचमननं आपली प्लास्टिकची खुर्ची दिली. चौघं चिखलात उतरले आणि काकींना खुर्चीत बसवून उचललं. सर्जेराव धावले, पण खुर्चीला पाय चारच, आणि चारी पायांना माणसं लागलेली. हातमोजे घातलेले हात घेऊन ते जीपपाशी उभे राहिले. पहिली रिक्षा आपण परत पाठवली, हे कुणी बोललं नाही. कुणी बोललं असतं तर बरं झालं असतं.

वाट जीपच्या नाकासमोरूनच होती.

"थांबा रं जरा," काकी म्हणाल्या.

"आजी, उशीर होतोय गं!"

पण खुर्ची थांबली. काकींनी सुजलेला हात लांब केला, विंचवरच्या हळदकुंकवाला बोटं लावली आणि डोळे मिटून ती कपाळाला टेकवली. मग त्यांनी सर्जेरावांकडे पाहिलं.

"तोंड पाडू नगंस, सर्जा. देवाला कुणी कामाला लावतं व्हय?"

टोमणा असता तर त्यांनी गिळला असता. पण काकींच्या आवाजात नुसती माया होती.

रिक्षा निघाली. काकींच्या कपाळावर गंजाचं तांबडं बोट उमटलं होतं, आणि रिक्षा वळेपर्यंत सर्जेरावांना तेवढंच दिसत राहिलं.