यादीबाहेरचं पान

“मशीन तुमचं, वहिनी. त्यात वाद नाही. आतली फुलं मात्र कंपनीची,” असं म्हणून मेकॅनिकनं चष्मा कपाळावर सरकवला.

नणंदेपासून दूधवाल्यापर्यंत सगळे त्यांना वहिनीच म्हणत, तेव्हा यानंही तेच धरलं. त्याला बोलावलंही वहिनींनीच होतं. भरतकामाचं जुनं मशीन घेऊन जेमतेम महिना झालेला. पट्टा ढिला पडला म्हणून त्यांनी सरळमार्गानं कंपनीत फोन केला आणि आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतला. पट्टा दहा मिनिटांत बसला. मग मेकॅनिकनं मशीनचा नंबर तपासला, तर कागदोपत्री मालकीण कुणी दुसरीच.

कायदा त्यानं नीट समजावून सांगितला. माणूस वाईट नव्हता. विकत घेतलेली वस्तू पुढे कुणालाही विकता येते, कंपनीला त्यात नाक खुपसता येत नाही. पण मशीनच्या पोटातली नक्षी म्हणजे कुणीतरी काढलेली चित्रं. ती विकलेली नव्हतीच. पहिल्या बाईंना फक्त वापरायला दिली होती. त्यांनी मशीन विकलं, तिथंच परवानगी संपली; आता नक्षी पुसावी लागणार.

“जुनं पुस्तक घेतलं तर आतली गोष्ट पुसून देतात का हो?” वहिनींनी विचारलं.

“पुस्तक विकतात. ही वापरायला देतात. करारात बेचाळीस कलमं आहेत, वहिनी. खरं सांगू, मीसुद्धा सगळी वाचलेली नाहीत.”

“मग ती परवानगी आता मला द्या.”

“नव्यानं घ्यावी लागेल.” त्यानं आकडा सांगितला.

“चार आण्याची कोंबडी अन् बारा आण्याचा मसाला,” दारातून नणंद म्हणाली.

खाटेवर उशांचे साठ कोरे अभ्रे घडी करून ठेवले होते. एका अतिथिगृहाचं काम. प्रत्येक अभ्र्याच्या कोपऱ्यात गुलाबाची फांदी, सोमवारपर्यंत. या कामाच्या भरवशावर वहिनींनी कपड्यांच्या कारखान्यातली अकरा वर्षांची जागा सोडली होती. परत गेलं तर सुपरवायझर काय बोलेल, ते त्यांना आत्ताच पाठ होतं.

मेकॅनिक ऑफिसला फोन लावायला बाहेर ओट्यावर गेला, तशी नणंद जवळ सरकली. “मी त्याला चहा देते, बोलण्यात गुंतवते. तू तेवढ्यात सगळं पेनड्राइव्हवर उतरवून घे.”

“नको. चोरीच्या फुलांवर धंदा उभा करायचा नाही मला.”

मेकॅनिक आत आला आणि ‘सगळं पुसा’वर बोट ठेवायला वाकला. वहिनींनी पडद्यावर तळहात आडवा धरला.

“तुमच्याकडे यादी असेल ना?”

“आहे. दोनशे बारा नक्ष्या. एकेक पुसत बसलो तर दुपार जाईल, वहिनी.”

“जाऊ दे. तुमचं असेल ते खुशाल न्या. पण यादीत नाही त्याला हात लावायचा नाही.”

त्यांनी स्टूल ओढलं आणि यादी स्वतःच वाचायला घेतली. एक नाव वाचायचं, एक नक्षी जायची. वेली गेल्या, मोर गेला. गुलाबाची फांदी गेली. आवाज चढवून त्यांनी पुढचं नाव वाचलं.

यादी संपली. पडदा रिकामा व्हायला हवा होता. पण एका कोपऱ्यात एक इवलंसं पान उरलं होतं, वाकड्या देठाचं. मेकॅनिकनं यादी दोनदा वरून खाली पाहिली.

“हे आमचं नाही.”

“मग माझं?”

“ज्यानं काढलं त्याचं,” तो जरा ओशाळून म्हणाला. “कायदा तोच.”

वहिनींनी तिथल्या तिथे जुन्या मालकीणबाईंना फोन लावला.

“अगंबाई, ते आहे अजून?” पलीकडून म्हातारा आवाज हसला. “मीच काढलं हो ते. टाक्याला टाका जोडत आठ दिवस बसले होते. माझ्या कुंडीतलं रोप.”

“मी ते वापरू का? अभ्र्यांवर भरून विकायचे आहेत.”

“वापरा की. पण माझी एक अट आहे.”

अटींचा आजचा कोटा केव्हाच भरला होता.

“देठ तेवढा सरळ करू नका. बघणाऱ्याला चूक वाटते. पण ते रोप खिडकीकडे वळलेलं होतं.”

“नाही करणार,” वहिनी म्हणाल्या आणि फोन ठेवला. “परवानगी मिळाली,” त्यांनी मेकॅनिकला सांगितलं. त्यानं ती आपल्या कागदावर लिहून घेतली.

आता अतिथिगृहाच्या बाईंना गुलाबाऐवजी पान पटवायचं होतं. ते फोनवर व्हायचं नाही. भरलेला अभ्रा घेऊन आजच जायचं आणि त्या हो म्हणेपर्यंत उठायचं नाही, असं ठरवून वहिनींनी हिरवा दोरा ओवला. सुई धावू लागली. पाचेक मिनिटांत पान कापडावर उतरलं.

मेकॅनिकची पिशवी भरून झाली होती, तरी त्याचा पाय निघेना. त्यानं वाकून पान पाहिलं.

“देठ वाकडा आलाय. सरळ करून देऊ? मिनिटाचं काम आहे. त्याचे पैसे नकोत, कंपनीला कळायचंही नाही.”

“नको. मी शब्द दिलाय,” वहिनी म्हणाल्या आणि दुसरा अभ्रा रिंगमध्ये ताणून बसवला.