बाबांचा नाच

सुतारकाम करणारे बाबा गेले तेव्हा लेक दोन वर्षांची होती. तिला ते फोटोतच भेटलेले. आईच्या साठीला तिने एक फोटो एआयला देऊन नाचाचा व्हिडिओ बनवला. कानावर पेन्सिल खोचलेले बाबा मोबाइलवर झोकात गिरक्या घेऊ लागले. आईने चष्मा सावरून पाहिलं. “चेहरा त्यांचाच गं, पण नाच कुणा परक्याचा. तुझ्या बाबांचा ताल कधी जुळलाय?” हिरमुसलेल्या लेकीने नवी सूचना लिहिली, ‘बेताल नाचव.’ तीनदा सांगूनही एक पाऊल चुकेना. “त्याला काय डोंबल कळतंय! सरक,” म्हणत आई उठली. कोपरं फडफडवत, भलत्याच पायावर उड्या मारत ती खोलीभर नाचली, टेबलाला धडकली आणि त्यालाच “माफ करा हं!” म्हणाली. “हे असे नाचायचे!” तिला धाप लागली. लेकीला हसू आवरेना. बाबांना नाचताना ती पहिल्यांदाच पाहत होती.