छत्तीस घनफूट

"आज माझ्या तासाला एक पोरगं जांभई देणार नाही. दिली तर नाव बदलेन," असं शेजारच्या वर्गावरच्या बाईंना छातीठोकपणे सांगून डोरीन कोवलचिकबाई पाचवीच्या वर्गात शिरल्या.

जांभई खरंच कुणी दिली नाही. थोड्याच वेळात तोंड उघडणंच धोक्याचं झालं.

धडा घनफळाचा होता. मागच्या बाकावर मुख्याध्यापक ऑस्ट्रँडर गुडघे पोटाशी घेऊन तपासणीला बसले होते. आधीच्या दोन तपासण्यांत बाई आपटल्या होत्या. आज आपटल्या की उन्हाळ्यात नारळ, हे ओहायोतल्या त्या अख्ख्या शाळेला ठाऊक होतं.

लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची. महिनाभर घोकवूनही पोरं खोक्यातला एकेक ठोकळा बोट लावून मोजत. म्हणून बाईंनी शक्कल लढवली. वर्गाचे दोन गट केले. दोघांना एकेक मोठं खोकं दिलं. मधे लाकडी ठोकळ्यांचा ढीग ओतला. ज्याचं खोकं आधी गच्च भरेल त्या गटाला पिझ्झा.

ठोकळे कमी पडले.

कोल्बीने शनेलच्या खोक्यातून मूठभर उचलले. शनेलने त्याच्या कानशिलात एक परत केला. ब्रँट तिच्या मनगटाला चावला. टेसाने ब्रँटच्या डोक्यात खुर्ची घातली. मग टेबलं आडवी झाली आणि वर्गाची फाळणी झाली.

"मुलांनो, आपण शांतपणे..." बाई म्हणाल्या. पुढचा दात गेला. मुख्याध्यापक मदतीला धावले. त्यांची भुवई फाटली. दोघं बाईंच्या लोखंडी टेबलामागे जाऊन उकिडवे बसले. वरून ठोकळे सणसणत होते.

"त्यांच्याकडे किती आहेत?" पलीकडून शनेल ओरडली.

"थांब, मोजतो. एक, दोन, ती..." मोजणाऱ्याच्या नाकावर ठोकळा बसला. तो आडवा झाला.

"मोजतोस काय येड्या, गुणाकार कर. लांबीला सहा, रुंदीला चार. थर पाच दिसतायत."

"एकशेवीस," पडल्या पडल्या तो म्हणाला.

"आणि आपले?"

"आपले थर चारच. शहाण्णव."

"मग आधी त्यांचं खोकं उलथवा."

मुख्याध्यापकांनी भुवईवरचा रुमाल बाजूला केला. "डोरीनबाई, ऐकलंत? या शाळेत घनफळ कुणाला आलेलं मी पहिल्यांदा बघतोय. तुमची नोकरी पक्की."

"लिहून द्या, सर."

"रक्त थांबू दे."

बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. मुख्याध्यापकांना तर इतकं भरून आलं की ते उठून उभेच राहिले. "शाब्बास, पोरांनो," ते म्हणाले.

ठोकळे थांबले. दोन्ही गटांनी त्यांच्याकडे पाहिलं.

"ओलीस," शनेल म्हणाली.

"निम्मा आमचा," कोल्बी म्हणाला.

तिथल्या तिथे तह झाला. चौघं पायाला लागले, चौघं हाताला. त्यांच्याच गळ्यातल्या टायने त्यांचं तोंड बांधलं.

"ठेवायचा कुठे पण?" ब्रँट म्हणाला.

कोल्बीने कोटांच्या कपाटालगतच्या फरश्या पायाने मोजल्या. शाळेची फरशी फुटाची. "रुंदी तीन, खोली दोन. उंची घे सहा. छत्तीस घनफूट."

टेसाने मुख्याध्यापकांना आडवी, उभी पट्टी लावली. "दोन, दीड, सहा. अठरा. आरामात बसतील."

"म्हणजे अर्धं कपाट रिकामंच," शनेल म्हणाली.

सगळ्यांनी वळून लोखंडी टेबलाकडे पाहिलं.

गणित बरोबर होतं. डोरीनबाई मावल्या.