सरस्वतीची डावी बाजू

"अब ये वाली साइड कौन भरेगा?" वर्गाच्या बाई सुनेत्रादीदीनं खडू वर धरला आणि पहिलीचा अख्खा वर्ग "मैं, मैं" करत बाकांवर उभा राहिला.

फळ्यावर दसऱ्याची सरस्वती अर्धीच झाली होती. आपल्याकडे पाटीपूजनाला काढतात ना, ती एकाच्या आकड्यांची. मधे उभी रेघ. तिच्या उजवीकडे एकाखाली एक असे एकाचे आकडे, पोरांनीच येऊन काढलेले. कोणाचा जाडा, कोणाचा लंगडा, पण सगळे सुलटे. डावीकडे मात्र तेच आकडे तोंड फिरवून हवे होते, आरशात दिसतात तसे.

दाराशी सुखदाची आई दीपा उभी होती. तिच्या बाजूला बडी दीदी, म्हणजे या हिंदी शाळेच्या मुख्य बाई. बडी दीदींनी मागच्याच आठवड्यात सांगून टाकलं होतं, की सुखदा अजून एकाचा आकडासुद्धा सरळ काढत नाही, सुट्टीनंतर तिला परत केजीत बसवू. "दसऱ्यापर्यंत थांबा," एवढंच सुनेत्रादीदी तेव्हा म्हणाली होती. आज सुट्टीआधीचा शेवटचा दिवस. काय ते आजच ठरणार होतं, म्हणून दीपा कांचघर मोहल्ल्यातल्या घरून धावतपळत आली होती.

घरी तिनं काय कमी केलं होतं? गोंजारून झालं, रागावून झालं, रांगोळीत बोट धरून गिरवून घेतलं. पण पोरीचा एक रुसल्यासारखा पाठ फिरवूनच बसायचा. "पुन्हा उलटाच काढून राहिली!" हे वाक्य त्या घरात आरतीपेक्षा जास्त वेळा म्हटलं जाई. आणि सुखदाला काही केल्या कळत नसे, की आपल्या एकात आणि आईच्या एकात फरक आहे तरी कुठं.

फळ्याकडे पहिला धावला अनुपम, वर्गातला हुशार गडी. जीभ बाहेर काढून, डोकं वाकडं करून त्यानं एक काढला.

"अरे, ये तो सीधा हो गया!" वर्ग ओरडला.

मग मेघना आली. तिचाही सीधा. तिसऱ्याचा तर चक्क नऊ झाला आणि वर्ग खो खो हसला. दीदीनं ते तिन्ही पुसून टाकले. हाताला एकदा वळण लागलं की लागलं, वळवू म्हटलं तरी वळत नाही.

सुखदा मागच्या बाकावर दोन्ही हात मांडीखाली दाबून बसली होती. हातच दिसले नाहीत तर खडू कोण देणार, असा तिचा साधा विचार.

"सुखदा, ये ग बाई," दीदी मराठीत म्हणाली. "सरस्वती तुझी वाट पाहून राहिली."

दीपाच्या मनात आलं, सगळ्यांसमोर काहून बोलावते ही? आणि तेही बडी दीदी उभ्या असताना!

सुखदानं खडू घेतला. फळ्याकडे पाहिलं, मग दीदीकडे. "माझा उलटा येते," ती हळूच म्हणाली.

"मग तोच तर पाहिजे."

तिनं एक काढला. उलटा. मान वळवून पाहिलं, कोणी हसलं नाही. दुसरा काढला, तिसरा काढला आणि मग हात असा सुटला की बघत राहावं. समोरच्या प्रत्येक आकड्याशी तोंडाला तोंड भिडवत सुखदाची रांग खाली उतरली.

"दीदी, इसको कैसे आता है?" अनुपमनं विचारलं. त्याच्या आवाजात हेवा होता.

शेवटची एक जागा उरली तेव्हा सुनेत्रादीदीनं दाराकडे पाहिलं. "सुखदाची आई, या ना. हा तुमचा."

दीपा लाजत पुढं झाली. तिनं काढला. सुलटा.

सुखदानं आईच्या एकाकडे पाहिलं. मग आपल्या रांगेकडे. मग रेघेपलीकडच्या रांगेकडे. पुन्हा आईच्या एकाकडे. सकाळपासून एकसारखी बोलणारी दीदी आता ओठ घट्ट मिटून उभी होती. तिचा तो चेहरा पाहिला आणि दीपाला उमगलं, की ही बाई दसऱ्यापर्यंत काहून थांबली होती.

"आई, हा इकडचा नाही." सुखदानं तळव्यानं तो पुसून टाकला. "हा तिकडचा आहे."

ती उजवीकडे गेली आणि तिथल्या रांगेखाली तिनं एक काढला. लंगडा होता, पण सुलटा होता.

वर्गात कोणाला काही विशेष वाटलं नाही. बडी दीदींनी मात्र चष्मा काढून पदरानं पुसला.

"बडी दीदी," सुनेत्रादीदीनं विचारलं, "छुट्टी के बाद इसको कहाँ बिठाऊँ?"

"यहीं बिठाओ, और कहाँ!" म्हणत पहिली टाळी त्यांनीच वाजवली.

दीपाला भरून आलं. वाटलं, इथंच वाकून या बाईचे पाय धरावे. पण डावीकडची तिची जागा अजून रिकामीच होती आणि सगळा वर्ग तिच्याकडे पाहत होता. तिनं डोळे पुसले, खडू घट्ट धरला आणि पुन्हा एक काढला.

"अगं आई!" सुखदानं कपाळावर हात मारून घेतला. खडूची पाच पांढरी बोटं तिथं उमटली. "पुन्हा सुलटाच काढून राहिली!"