मधलं काळं

“आकार काढायचा नाही. दार नको, खिडकी नको, माणूस नको. नुसता रंग,” वैशालीबाई म्हणाल्या. “डोळे मिटा. नव्या घरात पाऊल टाकलंत की पोटात कसं होईल? तेच कागदावर उतरू दे. आणि खोटा रंग लावू नका हं, मला लगेच कळतो.”

लालबागच्या त्या चाळीच्या चौकात, विठोबाच्या देवळासमोर सतरंजीवर पोरं बसली होती. स्पर्धा बिल्डरची, विषयही त्याचाच: ‘माझं नवं घर’. वैशालीबाई चाळीतल्याच, शाळेत चित्रकला शिकवणाऱ्या; बक्षीस ठरवणाऱ्याही त्याच. राग म्हणजे लाल नि दुःख म्हणजे निळं, असलं पाठांतर त्यांना खपत नसे. ज्याचा राग त्याचा रंग, असं त्या म्हणत. आज मात्र त्यांचा सगळा जीव एकाच कागदात अडकला होता. मनूच्या.

मनूचे आजोबा रघुवीरबुवा. चाळ पाडायला बाकी सगळ्या खोल्यांचा होकार आला होता. एकटे बुवा अडून बसले होते, कारण नव्या इमारतीत देऊळ पार्किंगच्या छतावर, पोडियमवर जाणार होतं. दर एकादशीला ते याच देवळापुढे कीर्तनाला उभे राहत. चिपळ्या वाजल्या की गॅलऱ्या भरून जात, दिवसभर राबून आलेली माणसं मांडी ठोकून बसत, आणि विठ्ठलाचा गजर असा चढे की दगडाला पाझर फुटावा. “माझो विठोबा विटेवर उभो आसा. तुमच्या पोडियमवर नाय रवाचो,” बुवांनी एकदा सांगून टाकलं ते टाकलं.

त्या कीर्तनात वैशालीबाईही डोळे पुसत. पण घरी अर्धांगाने लुळ्या पडलेल्या सासूबाई होत्या. त्यांना कवेत पेलत गॅलरीच्या टोकाच्या सामायिक संडासापर्यंत न्यावं लागे. रांगेतली माणसं नजर वळवत. सासूबाई मान खाली घालत. नव्या घरात स्वतःचा संडास होता. नातीचा आनंद बघून म्हातारा विरघळेल, एवढ्याच आशेवर बाईंनी आजची शिकवणी मांडली होती.

मनू बराच वेळ कोरा कागद धरून बसली. मग एकदम भिडली. पिवळा, त्यात केशरी, कडेला कुंकवासारखा लाल. मधोमध काळा, आणि सगळा उजेड त्या काळ्यातूनच फुटत असल्यासारखा. इतक्या वर्षांत कुणा मुलाच्या कागदावर आनंद असा उतरला नव्हता.

देवळाच्या पायरीवर बुवा चिपळ्या पुसत बसले होते. बाईंनी ओला कागद तसाच त्यांच्यापुढे धरला. “बुवा, बघा तुमच्या मनूचं नवं घर.”

बुवा बघतच राहिले. “मधी ह्यां काळां काय गो?”

मनूने तोंड उघडलं, तेवढ्यात बिल्डरचा माणूस हितेंद्र म्हणाला, “लिफ्ट असेल, आजोबा!”

सगळे हसले. बुवा हसले नाहीत. त्यांचे डोळे भरले होते. “पोरीक इतको आनंद होतलो असात, तर मी म्हातारो आडवो येवन काय करू?” त्यांनी चिपळ्या फडक्यात बांधल्या. “पाडा चाळ.”

चौकात टाळ्या झाल्या. कुणी पेढे आणायला धावलं. मनू तेवढी रडवेली होऊन बाईंचा पदर ओढत होती. बाई तिला जिन्याखाली घेऊन गेल्या.

“काय गं, काय झालं?”

“बाई, नव्या घराला रंगच येईना. डोळे मिटले तरी काहीच दिसेना. तुम्ही म्हणालात, खोटा रंग नको. म्हणून मी आजोबांचं कीर्तन काढलं.” तिने बाईंच्या हातातल्या कागदाकडे बोट केलं. “ते काळं लिफ्ट नाहीये. विठोबा आहे. मी सांगू आजोबांना?”

वरच्या गॅलरीतून सासूबाईंची हाक आली. कशासाठी, ते साऱ्या चाळीला ठाऊक होतं.

वैशालीबाईंनी मनूच्या केसांवरून हात फिरवला. मग स्केचपेन काढलं, आणि चित्राखाली आपल्या सुबक अक्षरात लिहिलं: ‘माझं नवं घर. पहिलं बक्षीस.’